पडलेल्यांना उठविणारा मेंढपाळ : कार्थेजचे बिशप संत सिप्रियन

दरवर्षी १६ सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा संत कॉर्नेलियस आणि संत सिप्रियन ह्या दोन रक्तसाक्ष्यांचा सण एकत्रितपणे साजरा करते. एक रोमचे पोप, तर दुसरे उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीचे बिशप. पवित्र मिस्साबलिदानातील पहिल्या कृतज्ञतास्तुतीच्या प्रार्थनेत संतांची जी नामावली येते, तिच्यातही ही दोन नावे एकापाठोपाठ येतात. आपण ती अनेकदा ऐकतो. परंतु ह्या नावांमागे दडलेला इतिहास आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असतो.

संत सिप्रियन ह्यांच्या जीवनातला सर्वांत मोठा प्रश्न रक्तसाक्ष्यांविषयीचा नव्हता. तो होता छळाच्या वेळी ज्यांनी कच खाल्ली त्यांच्याविषयीचा. ज्यांनी प्रभूला नाकारले आणि नंतर रडत रडत ख्रिस्तमंदिराच्या दाराशी परत आले, त्यांचे काय करायचे? दार उघडायचे की बंद ठेवायचे? उघडायचे तर केव्हा, कोणी आणि कोणत्या अटींवर? तिसऱ्या शतकातील हा प्रश्न आजच्या धर्मगुरूंना आणि प्रापंचिकांना अनोळखी नाही.

वक्तृत्वाचा आचार्य ख्रिस्तचरणी

सिप्रियन ह्यांचे पूर्ण नाव थास्कियस सेसिलियस सिप्रियानस. इ. स. २०० ते २१० च्या दरम्यान एका श्रीमंत, मूर्तिपूजक घराण्यात त्यांचा जन्म झाला. त्या काळी कार्थेज हे रोमन साम्राज्याच्या पश्चिम भागातील मोठ्या नगरांपैकी एक होते. आजच्या ट्युनिशिया देशाची राजधानी ट्युनिस हिच्या शेजारी त्या नगरीचे अवशेष आहेत. तेथे सिप्रियन वक्तृत्वशास्त्राचे नामवंत आचार्य होते. मान, पैसा, प्रतिष्ठितांची ऊठबस, सुंदर उद्यानांनी वेढलेले घर असे सारे काही त्यांच्यापाशी होते.

इ. स. २४६ च्या सुमारास सेसिलियानस नावाच्या एका वृद्ध धर्मगुरूंच्या सहवासात त्यांचे मनःपरिवर्तन झाले. हे धर्मगुरू मोठे विद्वान होते असे कोठे म्हटलेले नाही. मात्र त्यांच्या साध्या, पवित्र जीवनाने एका विद्वानाला जिंकले. सिप्रियन त्यांना केवळ मित्र मानीत नसत, तर आपल्या नव्या जीवनाचे जन्मदाते मानीत. मृत्युसमयी ह्या वृद्ध धर्मगुरूंनी आपली पत्नी आणि मुले सिप्रियन ह्यांच्याच हाती सोपविली.

स्नानसंस्कार घेण्याच्या सुमारासच सिप्रियन ह्यांनी आपली मालमत्ता विकून पैसा गोरगरिबांना वाटण्यास सुरुवात केली. ते पवित्र शास्त्राच्या अध्ययनात गढून गेले. कार्थेजचेच थोर लेखक तर्तुलियन ह्यांना ते आपले गुरू मानीत आणि त्यांचे ग्रंथ नित्य वाचीत. तर्तुलियन आयुष्याच्या उत्तरार्धात एका अतिकठोर पंथाकडे वळले होते. सिप्रियन ह्यांनी त्यांची विद्या घेतली, परंतु त्या वाटेने ते गेले नाहीत.

इ. स. २४८-२४९ च्या सुमारास कार्थेजच्या बिशपपदासाठी भाविकांनी एकमुखाने सिप्रियन ह्यांचे नाव पुढे केले. स्नानसंस्काराला फार तर दोन-तीन वर्षे झाली होती. त्यांनी आधी नकार दिला, पण लोकांनी त्यांच्या घराला अक्षरशः वेढा घातला. पाच ज्येष्ठ धर्मगुरूंचा मात्र ह्या निवडीला विरोध होता. कालच्या नवख्याला आज बिशप कसे करता, हा त्यांचा आक्षेप होता. हा विरोध पुढे त्यांना फार महागात पडणार होता.

शांततेच्या काळातील शैथिल्य

त्यापूर्वी सुमारे तीन-चार दशके आफ्रिकेतील ख्रिस्तसभेने बऱ्यापैकी शांतता अनुभवली होती. संख्या वाढली, तसेच शैथिल्यही आले. काही बिशप आपला धर्मप्रांत वाऱ्यावर सोडून व्यापारासाठी दूरच्या बाजारपेठा गाठीत, व्याजाने पैसे देत आणि जमिनी मिळवीत. भाविकांमध्ये दिखाऊपणा, भांडणे आणि पैशाची हाव वाढली होती. पुढे संकट कोसळले तेव्हा सिप्रियन ह्यांनी केवळ सम्राटाला दोष दिला नाही. भिंत आतूनच पोखरली गेली होती, हे त्यांनी आपल्या ग्रंथात निर्भीडपणे लिहिले, आणि त्याची सुरुवात धर्माधिकाऱ्यांच्या दोषांपासून केली.

इ. स. २४९ मध्ये डेसियस रोमचा सम्राट झाला. साम्राज्यावर चहूबाजूंनी संकटे येत होती. देवांचा कोप टाळण्यासाठी साम्राज्यातील सर्व रहिवाशांनी देवांना बळी अर्पण करावा, असा आदेश त्याने काढला. प्रत्येकाने नेमलेल्या अधिकाऱ्यांपुढे जाऊन धूप जाळायचा, बळीचे मांस चाखायचे आणि तसे केल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे. अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रे इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेल्या स्वरूपात सापडली आहेत. नाव, गाव, वय, साक्षीदारांच्या सह्या, सारे काही अगदी सरकारी कागदासारखे.

२० जानेवारी २५० रोजी रोममध्ये पोप फेबियन ह्यांनी रक्तसाक्ष्य दिले. कार्थेजमध्ये मात्र बळी देण्यासाठी ख्रिस्ती लोकांची रीघ लागली. अनेक जण कोणी बोलावण्याआधीच धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी उद्या या असे सांगत, तर लोक आजच उरकून घ्या म्हणून विनवीत. आईबाप तान्ह्या मुलांनाही कडेवर घेऊन गेले. काहींनी प्रत्यक्ष बळी न देता लाच देऊन नुसते प्रमाणपत्र मिळविले आणि आपण काहीच केले नाही अशी स्वतःची समजूत घातली. काही धर्मगुरूही ह्या पतनातून सुटले नाहीत.

लपून बसलेला बिशप

आणि बिशप सिप्रियन? ते नगर सोडून अज्ञातस्थळी निघून गेले. सर्कशीच्या मैदानात जमलेला जमाव त्यांना सिंहापुढे टाकण्याची मागणी करीत होता. त्यांची मालमत्ता जप्त झाल्याचे जाहीर झाले. आपण नगरात राहिलो तर आपल्यामुळे सर्व समाजावर अधिक रोष ओढवेल, असे त्यांचे मत होते. परंतु रोमच्या धर्मगुरूंना ते पटले नाही. आपले पोप रक्तसाक्षी झाले असताना कार्थेजचे बिशप पळाले, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली. कळप सोडून पळणाऱ्या भाडोत्री मेंढपाळाची आठवण करून देणारे पत्र त्यांनी कार्थेजच्या धर्मगुरूंना लिहिले. त्यातील रोख कोणावर आहे हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

एखाद्या अधिकाऱ्याला हा अपमान वाटला असता. सिप्रियन ह्यांनी मात्र रोमला सविस्तर उत्तर पाठविले. अज्ञातवासातून आपण धर्मगुरूंना, तुरुंगातील बंदिजनांना आणि भाविकांना जी तेरा पत्रे लिहिली होती, त्यांच्या नकला त्यांनी सोबत जोडल्या. आपण शरीराने दूर असलो तरी कारभार, सांत्वन आणि शिस्त ह्यांत कसूर केलेली नाही, हे त्यांनी कागदोपत्री दाखवून दिले. आपल्या वागण्याचा जाब देण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. अशाच पत्रव्यवहारातून पुढे ८१ पत्रांचा संग्रह तयार झाला. त्यांतली काही पत्रे इतरांची आहेत, परंतु बहुतेक त्यांचीच आहेत. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती जीवनाचे इतके जिवंत चित्र अन्यत्र क्वचितच मिळते.

अज्ञातवासातून ते गरिबांसाठी, विधवांसाठी, आजाऱ्यांसाठी आणि परगावच्या निराश्रितांसाठी पैसे पाठवीत. रक्तसाक्ष्यांच्या मृत्यूचा दिवस नोंदवून ठेवावा, म्हणजे त्यांच्या स्मरणार्थ मिस्साबलिदान अर्पण करता येईल, अशी सूचना त्यांनी केली. आपण कोणताही महत्त्वाचा निर्णय धर्मगुरूंचा सल्ला आणि लोकांची संमती ह्यांशिवाय घेणार नाही, हे धोरणही त्यांनी ह्याच काळात लिहून कळविले.

क्षमेची स्वस्त चिठ्ठी

छळाचा जोर ओसरू लागताच पतित झालेले श्रद्धावंत परतू लागले. त्यांच्यापैकी अनेकांचा पश्चात्ताप खरा होता. सेलेरिनस नावाच्या एका तरुणाने रोममध्ये तुरुंगवास आणि यातना सोसूनही श्रद्धा टिकविली होती. परंतु त्याची बहीण मात्र पडली होती. तिच्या दुःखाने त्याने पास्काचा आनंदाचा काळही अश्रू ढाळीत घालविला. अशा पतित झालेल्या दोन भगिनींनी कार्थेजहून रोमला आलेल्या ६५ श्रद्धावीरांना बंदरावर जाऊन गाठले आणि त्यांची सेवाशुश्रूषा केली. पडलेला माणूस प्रभूवर प्रेम करीतच नाही असे नसते, हे ह्या एका प्रसंगावरून ध्यानी येते.

परंतु सोपी वाट शोधणारेही पुष्कळ होते. ज्यांनी श्रद्धेसाठी तुरुंगवास भोगला, त्यांच्या शब्दाला ख्रिस्तसभेत मोठा मान होता. त्यांनी एखाद्या पतितासाठी रदबदली करावी अशी प्रथा होती. आता ह्या प्रथेचा बाजार झाला. तुरुंगातून सरसकट चिठ्ठ्या निघू लागल्या. अमक्याला त्याच्या घरच्यांसह स्वीकारावे, एवढेच त्यांत लिहिलेले असे. मग घरचे म्हणजे दहा की तीस, कोणी विचारू नये. लुशियन नावाच्या एका बंदिवानाने तर रक्तसाक्ष्यांच्या वतीने सर्वांनाच क्षमा देऊन टाकली. बिशपांना विरोध करणारे काही धर्मगुरू ह्या चिठ्ठ्या पाहून, पापाची कबुली, प्रायश्चित्त आणि बिशपांचा हस्तस्पर्श ह्यांतले काहीही न होता लोकांना ख्रिस्तप्रसाद देऊ लागले. फेलिसिसिमस नावाचा डीकन आणि नोव्हाटस नावाचे धर्मगुरू ह्या गटाचे पुढारी होते.

सिप्रियन ह्यांची कोंडी झाली. स्वतः लपून राहिलेला बिशप यातना सोसलेल्या वीरांना शिस्त कशी शिकविणार? तरीही ते डगमगले नाहीत आणि चिडलेही नाहीत. तुरुंगातल्या श्रद्धावीरांचा गौरव करीतच त्यांनी त्यांना समजाविले की क्षमा ही कोणाच्या व्यक्तिगत मोठेपणाची बक्षिसी नसते. जखम न धुता वरून पट्टी बांधणारा वैद्य रोग्याचा मित्र नसतो. मात्र जे मरणाच्या दारी आहेत त्यांना धर्मगुरूंनी, आणि धर्मगुरू न मिळाल्यास डीकननेही, त्वरित समेट द्यावा, अशी सूचना त्यांनी दिली. बाकीच्यांचा निर्णय सर्व बिशप एकत्र जमल्यावर घेण्यात येईल असे त्यांनी कळविले.

ह्याच काळात त्यांनी नुमिडिकस नावाच्या एका श्रद्धावीरांना कार्थेजच्या धर्मगुरूंमध्ये सामील करून घेतले. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या पत्नीला जाळण्यात आले होते. स्वतः ते अर्धवट भाजलेल्या अवस्थेत, दगडांखाली मेले समजून टाकून दिलेले होते. वडिलांचा मृतदेह शोधायला आलेल्या मुलीला त्यांच्यात धुगधुगी आढळली. तरुण सेलेरिनसला सिप्रियन ह्यांनी वाचक नेमले. शुभवर्तमानासाठी ज्याने यातना सोसल्या, त्याच्याच मुखातून लोकांनी ते ऐकावे असे त्यांना वाटे.

दोन टोके आणि मधली वाट

इ. स. २५१ च्या पास्कानंतर सिप्रियन कार्थेजला परतले. त्याच वसंत ऋतूत त्यांनी आफ्रिकेतील बिशपांची धर्मपरिषद भरविली. तिने सरसकट क्षमाही नाकारली आणि सरसकट बहिष्कारही नाकारला. प्रत्येकाच्या पतनाची स्वतंत्र चौकशी व्हावी असे ठरले. जो छळाला कंटाळून, यातना असह्य होऊन पडला आणि जो आमंत्रणापूर्वीच धावत गेला, त्या दोघांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे नव्हते. घरच्यांना वाचविण्यासाठी एकट्याने बळी दिला असेल, तर तेही ध्यानात घ्यायचे होते. ज्यांनी फक्त प्रमाणपत्र मिळविले होते त्यांना चौकशीअंती समेट मिळावा; ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला त्यांनी प्रायश्चित्त चालू ठेवावे आणि मृत्युसमयी त्यांना समेट मिळावा. पतित धर्माधिकाऱ्यांना प्रायश्चित्ताचा मार्ग खुला ठेवण्यात आला, परंतु त्यांचे पद त्यांना परत मिळणार नव्हते.

त्याच सुमारास रोममध्ये दुसरे वादळ उठले. कॉर्नेलियस ह्यांची पोप म्हणून निवड झाल्यावर नोव्हेशियन नावाच्या विद्वान धर्मगुरूंनी स्वतःला प्रतिस्पर्धी बिशप म्हणून अभिषिक्त करवून घेतले. त्यांचे म्हणणे असे की, श्रद्धा नाकारणाऱ्याला ख्रिस्तसभेने कधीही परत घेऊ नये, मृत्युशय्येवरसुद्धा नाही. ख्रिस्तसभा ही केवळ पवित्र लोकांचीच असावी! गंमत अशी की कार्थेजमध्ये सर्वांना फुकट क्षमा वाटा म्हणणारे नोव्हाटस रोमला गेले आणि ह्या अतिकठोर नोव्हेशियनांना जाऊन मिळाले. तत्त्व बदलले, पण भांडण तेच राहिले. फुटीच्या मुळाशी पुष्कळदा तत्त्वनिष्ठा नसून दुखावलेला अहंकार असतो, ही गोष्ट सिप्रियन ह्यांच्या नजरेतून सुटली नाही.

सिप्रियन ह्यांनी दोन्ही बाजूंची माहिती काळजीपूर्वक मागविली, आणि निवड रीतसर झाल्याची खात्री पटल्यावर पोप कॉर्नेलियस ह्यांच्या मागे ते खंबीरपणे उभे राहिले. ख्रिस्तसभेच्या ऐक्यावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ आणि पतितांविषयीचा ग्रंथ ह्याच काळातले आहेत. पुढे नवा छळ जवळ येतोय अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा इ. स. २५२-२५३ च्या सुमारास दुसऱ्या धर्मपरिषदेने प्रामाणिकपणे प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांनाच समेट दिला. ज्यांना पुन्हा रणात उतरायचे आहे त्यांना ख्रिस्तप्रसादावाचून निःशस्त्र कसे पाठवायचे, असा विचार त्यामागे होता. कालचा निर्णय आज बदलताना सिप्रियन ह्यांना संकोच वाटला नाही. कारण हेतू तोच होता, माणसाला प्रभूकडे परत आणणे. पोप कॉर्नेलियस मात्र ह्या छळात हद्दपार झाले आणि इ. स. २५३ मध्ये निधन पावले.

महामारी आणि दानधर्म

इ. स. २५२ च्या सुमारास कार्थेजमध्ये भयंकर महामारी पसरली. ताप, जुलाब, उलट्या, लालबुंद झालेले डोळे. कोणाची श्रवणशक्ती गेली, कोणाची दृष्टी. सिप्रियन ह्यांनी तिच्या लक्षणांचे तपशीलवार वर्णन करून ठेवल्यामुळे इतिहासकार तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. लोक आपल्याच माणसांना रस्त्यावर टाकून पळत होते. प्रेते बेवारस पडली होती. हे सारे ख्रिस्ती लोकांमुळे घडत आहे, कारण ते देवांना भजत नाहीत, असा आरोप होऊ लागला.

सिप्रियन ह्यांनी भाविकांना एकत्र बोलावले. त्यांचे चरित्र लिहिणारे डीकन पाँटियस ह्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे. आपण फक्त आपल्याच माणसांची सेवा केली तर त्यात काही विशेष नाही. ज्यांनी आपला छळ केला त्यांचीही सेवा करायला हवी, असा उपदेश त्यांनी केला. मग कामाची वाटणी झाली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी पैसा दिला, ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी श्रम दिले. दोन वर्षांपूर्वी ज्या शेजाऱ्यांनी ख्रिस्ती लोकांविरुद्ध आरोळ्या ठोकल्या होत्या, त्यांच्याच आजाऱ्यांची शुश्रूषा ख्रिस्ती हातांनी केली.

त्यानंतर नुमिडिया प्रांतातील ख्रिस्ती स्त्री-पुरुषांना टोळीवाल्यांनी पळवून नेले. सिप्रियन ह्यांनी कार्थेजमध्ये वर्गणी गोळा केली आणि खंडणीसाठी एक लाख सेस्टर्स एवढी रक्कम पाठविली. सोबत देणगीदारांच्या नावांची यादी होती. ती कोठे झळकविण्यासाठी नव्हे, तर सुटका झालेल्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून.

आणखी एक छोटासा प्रसंग आहे. त्या काळची रंगभूमी मूर्तिपूजेशी आणि अश्लीलतेशी जोडलेली होती. एका ख्रिस्ती झालेल्या नटाने स्वतः अभिनय सोडला, पण उदरनिर्वाहासाठी तो मुलांना तीच कला शिकवीत असे. त्याचे काय करावे, असे एका बिशपांनी सिप्रियन ह्यांना विचारले. हा व्यवसाय त्याने सोडलाच पाहिजे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु ते तेथेच थांबले नाहीत. तो गरीब असेल तर ख्रिस्तसभेने त्याला अन्नवस्त्र द्यावे. तुमच्या ख्रिस्तसभेला ते परवडत नसेल तर त्याला आमच्याकडे कार्थेजला पाठवा, आम्ही त्याची सोय करू, असेही त्यांनी कळविले. नियम सांगणारा हात आणि भाकरी देणारा हात एकच असावा, ही त्यांची रीत होती.

थोर माणसाची चूक

संतांचे चरित्र म्हणजे निर्दोष माणसाचे चरित्र नव्हे. पोप स्टीफन ह्यांच्या कारकिर्दीत सिप्रियन आणि रोम ह्यांच्यात गंभीर वाद झाला. फुटीर पंथात ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे ते ख्रिस्तसभेत येऊ इच्छितात, तेव्हा त्यांना पुन्हा स्नानसंस्कार द्यावा काय? सिप्रियन ह्यांच्या मते द्यावा, कारण ख्रिस्तसभेबाहेर संस्कार असूच शकत नाही. रोमची परंपरा वेगळी होती. हस्तस्पर्शाने समेट द्यावा, स्नानसंस्कार पुन्हा देऊ नये. १ सप्टेंबर २५६ रोजी कार्थेजला भरलेल्या परिषदेत ८७ बिशपांची मते नोंदविली गेली आणि ती सर्व सिप्रियन ह्यांच्या बाजूची होती. दोन्ही बाजूंनी कठोर शब्द वापरले गेले.

तरीही सिप्रियन ह्यांनी ऐक्याचा धागा तोडला नाही. आपल्यापेक्षा वेगळे मत असणाऱ्या कोणाही बिशपाला आपण संबंधातून दूर करणार नाही, हे त्यांनी परिषदेच्या आरंभीच स्पष्ट केले होते. इ. स. २५७ मध्ये पोप स्टीफन ह्यांचे निधन झाले आणि नव्या छळाने हा वाद मागे पडला. पुढे इ. स. ३१४ च्या आर्ल येथील परिषदेने रोमच्या बाजूने कौल दिला: पवित्र त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नसतो. ८७ बिशपांचे एकमतही चुकू शकते, हा ह्यातला धडा आहे. डोनाटस ह्यांचे अनुयायी चौथ्या शतकात फुटले, तेव्हा त्यांनी सिप्रियन ह्यांच्याच लिखाणाचा आधार घेतला. त्यांना उत्तर देताना संत ऑगस्टीन ह्यांनी सिप्रियन ह्यांची चूक झाकली नाही. परंतु चुकत असतानाही ते ऐक्यात राहिले, ह्यातच त्यांचा मोठेपणा पाहिला.

आपल्या माणसांमध्ये मृत्यू

इ. स. २५७ मध्ये सम्राट व्हॅलेरियनने ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांविरुद्ध आदेश काढला. ३० ऑगस्ट २५७ रोजी सिप्रियन ह्यांना कार्थेजच्या प्रांताधिकाऱ्यापुढे उभे करण्यात आले. आपल्या धर्मगुरूंची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. त्यांना समुद्रकाठच्या कुरुबिस नावाच्या गावी हद्दपार करण्यात आले. पुढल्या वर्षी अधिक कडक आदेश निघाला: बिशप, धर्मगुरू आणि डीकन ह्यांना देहदंड. ६ ऑगस्ट २५८ रोजी रोममध्ये पोप सिक्स्टस दुसरे ह्यांनी रक्तसाक्ष्य दिले.

सिप्रियन तोपर्यंत कार्थेजमधील आपल्या उद्यानगृहात परतले होते. नवा प्रांताधिकारी त्या वेळी युटिका नगरात होता आणि त्याने त्यांना तेथे बोलावले. मित्रांच्या सांगण्यावरून सिप्रियन पुन्हा एकदा लपले. पण ह्या वेळचे लपणे वेगळे होते. बिशपाने आपल्या स्वतःच्या नगरात, आपल्या लोकांसमोरच श्रद्धेची कबुली द्यावी, परक्या गावी नव्हे, असे त्यांना वाटत होते. प्रांताधिकारी कार्थेजला येताच ते घरी परतले.

१३ सप्टेंबरला त्यांना अटक झाली. रात्री त्यांना एका अधिकाऱ्याच्या घरी ठेवले होते. बातमी पसरताच सारा ख्रिस्ती समाज त्या घरापुढे जमला आणि रात्रभर तेथेच थांबला. त्या गर्दीतल्या तरुण मुलींची नीट काळजी घ्या, असा निरोप त्यांनी बाहेर पाठविला. आयुष्याच्या शेवटच्या रात्रीही मेंढपाळाचे लक्ष कळपाकडेच होते.

१४ सप्टेंबर २५८ रोजी खटला चालला. तो अगदी थोडक्यात आटोपला. बळी देण्यास त्यांनी नकार दिला, विचार करण्यासाठी वेळही मागितला नाही, आणि शिक्षा ऐकल्यावर देवाचे आभार मानले. जमलेल्या भाविकांनी आम्हालाही त्यांच्यासोबत मरण द्या, असा आक्रोश केला. वधस्थानी त्यांनी अंगरखा काढला, गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि आपला शिरच्छेद करणाऱ्याला पंचवीस सुवर्णनाणी देण्यास सांगितले. भाविकांनी त्यांच्यापुढे कापडाचे तुकडे अंथरले. डोळ्यांवरची पट्टी त्यांना स्वतःला बांधता येईना, तेव्हा ती इतरांनी बांधली. रात्री मशाली आणि मेणबत्त्यांच्या उजेडात, प्रार्थना करीत भाविकांनी त्यांचा देह दफनभूमीत नेला. रक्तसाक्ष्य देणारे ते कार्थेजचे पहिले बिशप. आठ वर्षांपूर्वी पळपुटा मेंढपाळ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखविले गेले, त्यांचे उत्तर आता पूर्ण झाले होते.

१४ सप्टेंबर हा पवित्र क्रुसाच्या विजयाचा सण असल्यामुळे त्यांचे स्मरण १६ सप्टेंबरला, त्यांचे मित्र पोप कॉर्नेलियस ह्यांच्यासोबत केले जाते.

आपल्यासाठी धडे

बंधुभगिनींनो, हा इतिहास आपल्यापासून १७५० हून अधिक वर्षे दूर आहे, तरी त्यात आपला चेहरा दिसतो. आपल्या धर्मग्रामातही दुरावलेली माणसे असतात. कोणी विवाहाच्या अडचणीमुळे, कोणी एखाद्या कटू शब्दामुळे, कोणी नुसत्या आळसामुळे मिस्सेला येईनासे होते. एखादे दिवशी त्यांच्यापैकी कोणी दाराशी येते, मागच्या बाकावर बसते. त्या वेळी आपल्यात एक छोटा फेलिसिसिमस जागा होतो, जो म्हणतो की काही विचारूच नका. आणि एक छोटा नोव्हेशियनही जागा होतो, जो म्हणतो की ह्यांना आता कशाला घेता. संत सिप्रियन ह्या दोघांनाही गप्प बसवितात. ते त्या माणसाजवळ बसतात, त्याची कहाणी ऐकून घेतात, जखम धुतात आणि मगच त्याला वेदीकडे नेतात.

धर्मगुरूंसाठी त्यांचे जीवन सांगते की अधिकार हा जाब देण्याने कमी होत नाही. लोकांचा सल्ला घेतल्याने बिशपपद लहान झाले नाही. उलट त्याच लोकांनी शेवटच्या रात्री त्यांच्या दाराशी पहारा दिला. ते सांगते की नियम सांगायचाच असेल तर त्याबरोबर भाकरीचीही सोय करा. पतनाची कारणमीमांसा करताना पहिले बोट स्वतःकडे वळवा. मतभेद जरूर असावेत, पण मतभेदासाठी घर मोडू नये.

प्रापंचिकांसाठीही त्यात बरेच काही आहे. इ. स. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने आपली ख्रिस्तमंदिरे बंद पडली, तेव्हा संकटात माणूस माणसाला कसा टाळतो आणि कसा जवळही करतो, ही दोन्ही रूपे आपण पाहिली. कार्थेजच्या भाविकांनी शेजाऱ्याचा धर्म विचारला नाही, पूर्वीचे वैर आठवले नाही. आणि त्या सेवाकार्यात पूर्वी पडलेले, प्रायश्चित्त करीत असलेले कित्येक जण नसतील कशावरून? जो पडून उठतो, त्याला पडलेल्याचा हात धरता येतो.

येत्या १६ सप्टेंबरला मिस्साबलिदानात ही दोन नावे ऐकाल, तेव्हा क्षणभर थांबा. ज्यांच्याशी आपण बोलणे सोडले आहे, जो मागच्या बाकावर एकटा बसतो, जो अजून दारापर्यंतही पोहोचलेला नाही, त्याची आठवण करा. संत सिप्रियन ह्यांच्या मध्यस्थीने प्रभू येशू आपल्या धर्मगुरूंना धीर आणि करुणा देवो, आणि आपणा सर्वांना पडलेल्यांसाठी दार उघडे ठेवण्याची कृपा देवो. आमेन.